कडी बाहेरून होती

माझ्या मावसभावाला आम्ही खोलीत कोंडून ठेवलं होतं. आम्ही म्हणजे मी, खालू, थोरले मामू आणि गल्लीतले दोन जण. २०२१ चा पावसाळा होता. वर्क फ्रॉम होम चालू असल्यामुळे मी पुण्याहून येऊन बिलोलीतच राहत होतो. बाहेरून कडी, कडीला कुलूप आणि किल्ली खालाच्या ओढणीच्या टोकाला बांधलेली. पहिल्या दिवशी तो ओरडला, दार आपटत राहिला. दुसऱ्या दिवशी विनवण्या करायला लागला. "भाई, एक गोली दे, मेरे कू बस सोने दे." मी दाराच्या या बाजूला लॅपटॉप घेऊन बसलो होतो आणि त्याला सबर करायला सांगत होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे आतून ताट पडल्यासारखा आवाज आला. दार उघडलं तर तो जमिनीवर आखडला होता. दातखिळी बसलेली, तोंडाला फेस. खाला आयतुल कुर्सी पढायला लागली. मामू म्हणाले, हे बाहेरचं आहे, आमिलला बोलवा.

त्याला आलेला झटका आम्हीच आणला होता, हे नांदेडला गेल्यावर कळलं.

सरकारी दवाखाना विष्णुपुरीला आहे. त्याच विष्णुपुरीत मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलं. ड्यूटीवरच्या डॉक्टर बाई वयाने माझ्याहून लहान असाव्यात. त्यांनी विचारलं, कोणती गोळी, रोज किती, शेवटची कधी घेतली? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. तीन वर्षं तो काय खातोय हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणालाच माहीत नव्हतं. बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, ही गोळी अशी एकदम बंद करायची नसते, माणूस दगावतो. ऑफिसात एखादा जुना सर्व्हर बंद करायचा असला तर त्यावर काय काय चालतं याची यादी काढल्याशिवाय मी हात लावत नाही. भावाच्या बाबतीत सरळ वायर उपटली होती.

हे सगळं लिहायला त्याची परवानगी आहे. नाव आणि गल्ली यायला नको, एवढीच त्याची अट.

गोळीची नावं गावागणिक बदलतात. मालेगावात अल्प्राझोलमला कुत्ता गोळी म्हणतात. छत्रपती संभाजीनगरात नायट्राझेपामची गोळी बटन म्हणून विकली जाते. आमच्याकडे नुसतं 'गोळी' म्हटलं तरी समजणारा समजतो. दोन्ही मुळात डॉक्टरांच्या गोळ्या. झोप न येणाऱ्याला, घाबरून छातीत धडधडणाऱ्याला थोड्या दिवसांसाठी द्यायच्या. माझ्या भावानेही ती मजा म्हणून सुरू केली नव्हती. तो वाळूच्या हायवावर होता. मांजरेची लाल वाळू कुठे कुठे जाते आणि ती बऱ्याचदा रात्रीच का जाते, हे बिलोलीकरांना मी सांगायची गरज नाही. रात्रभर गाडी, दिवसा पत्र्याच्या खोलीत उकाडा, झोप नाही. कुणीतरी अर्धी गोळी दिली. अर्ध्या गोळीने झोप लागली. दोन महिन्यांनी अर्धीने भागेना. वर्षभरात तो झोपण्यासाठी नाही, तर हात थरथरू नयेत म्हणून खात होता.

आत काय घडतं ते डॉक्टर बाईंनी ड्रायव्हरला समजेल असं सांगितलं, आणि तेव्हा मलाही समजलं. मेंदूला स्वतःचे ब्रेक असतात. ही गोळी त्या ब्रेकवर आणखी एक पाय ठेवते. रोज ठेवला की मेंदू आपला ब्रेक सैल सोडतो, आणि तेवढाच परिणाम हवा तर गोळ्या वाढवाव्या लागतात. मग एक दिवस वरचा पाय एकदम काढून घेतला तर उतारावर गाडी जशी सुटते तसा मेंदू सुटतो. घाम, कापरं, भास, झटके. म्हणून डॉक्टर गोळी थांबवत नाहीत, उतरवतात. बऱ्याचदा आधी तिच्याच जातीचं, शरीरात जास्त वेळ टिकणारं औषध देतात आणि त्याचा डोस आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या हिशोबाने कमी करत नेतात. माझ्या भावाला पाच महिने लागले.

आमच्या भागात यात आणखी एक गुंता आहे. येसगीचा पूल ओलांडला की तेलंगणा. पलीकडे शिंदी उघड मिळते, आणि भेसळीच्या शिंदीत क्लोरल हायड्रेट, डायझेपाम आणि हेच अल्प्राझोलम घालतात. २०१५ मध्ये तेलंगणात अशा भेसळीवर कारवाई झाली आणि शिंदी एकदम आटली. तेव्हा हैदराबादच्या एर्रागड्डा मनोरुग्णालयात झटके आलेल्या, भ्रमिष्टासारख्या बडबडणाऱ्या माणसांची रांग लागली होती. त्यातल्या अनेकांना आपण औषधाच्या आहारी गेलो आहोत याची कल्पनाच नव्हती. त्यांच्या लेखी ते नुसती शिंदी पीत होते. आपल्याकडचा एखादा मजूर 'मी गोळ्या खात नाही, फक्त पलीकडे जाऊन दोन बाटल्या पितो' म्हणत असेल, तर त्याची सवय मोडताना हे ध्यानात असू द्या.

दारूचंही असंच आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणारा माणूस चाँदरातीला तौबा करतो आणि रमजानची पहिली तारीख कोरडी काढतो. घरात आनंदीआनंद. दुसऱ्या-तिसऱ्या रोजाला त्याला भिंतीवर किडे दिसायला लागतात, तो मेलेल्या माणसांशी बोलतो, अंगात ताप चढतो. घरचे म्हणतात, रमजानात तर शैतान कैद असतो, मग हे काय शिरलं? हे दारू तुटल्याचं लक्षण आहे. डॉक्टर त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार झाला नाही तर माणूस जातो. तौबा करणाऱ्याला शाबासकी द्याच, पण शाबान संपायच्या आधी त्याला दवाखान्यात न्या. आणि डॉक्टरांनी औषध वेळेवर घ्यायला सांगितलं असेल तर आजाऱ्याला रोजाची सूट आहे, हे त्याला कुणीतरी प्रेमाने सांगा. तो स्वतः विचारणार नाही. त्याला शरम वाटते.

या शरमेपाशी मला यायचं होतं.

आपल्या घरांत नशेचं नाव निघालं की चर्चा हराम-हलालपासून सुरू होते आणि तिथेच संपते. हराम आहे, वाद नाही. पण ही गोष्ट माझ्या भावाला नव्याने सांगायची गरज कधीच नव्हती. सुरुवातीला तो जुम्याला यायचा, पण शेवटच्या सफमध्ये, चपलांजवळ बसायचा. नंतर मशिदीबाहेरच्या हॉटेलात बसून राहायला लागला. नंतर त्या रस्त्यानेही येईना. आम्ही प्रत्येक वेळी त्याला गुनाहची आठवण करून दिली, आणि प्रत्येक वेळी तो आमच्यापासून थोडा लांब आणि गोळी देणाऱ्याच्या थोडा जवळ गेला. गोळी देणारा त्याला काही विचारत नव्हता ना.

मी आलिम नाही आणि फिकहचा मसला काढणार नाही. पण मदरशात चार दिवस गेलेल्या पोरालाही माहीत असतं की दारूची मनाई कुरआनात एका दिवसात आलेली नाही. आधी फायद्यापेक्षा गुनाह मोठा असल्याचं सांगितलं गेलं, मग नशेत नमाजजवळ जाऊ नका असं, आणि पूर्ण मनाई सगळ्यात शेवटी. सवय लागलेल्या माणसांना वेळ दिला गेला, एवढं तर त्यातून दिसतंच. आणि बुखारीत एका माणसाची हदीस आहे. नाव अब्दुल्लाह, लोक त्याला चेष्टेने 'हिमार' म्हणजे गाढव म्हणायचे, तो रसूलुल्लाह ﷺ यांना हसवायचा. दारूसाठी तो पुन्हा पुन्हा पकडून आणला जाई. त्याला सजाही झाली, ते मी लपवत नाही. पण कुणीतरी त्याच्यावर लानत पाठवली तेव्हा नबींनी ते थांबवलं. हा माणूस अल्लाह आणि त्याच्या रसूलवर प्रेम करतो, अशी ग्वाही दिली. पुन्हा पुन्हा पकडला गेलेल्या, अजून न सुटलेल्या माणसाबद्दलची ही ग्वाही आहे. आमच्या गल्लीत माझ्या भावाबद्दल असं कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही.

शरमेला एक दुसरी बाजूही आहे, ती तुम्हा सगळ्यांच्या ओळखीची असेल. मालेगावात किंवा संभाजीनगरात गोळ्यांचा साठा पकडला गेला की बातमीखालच्या कॉमेंट वाचवत नाहीत. एका पोराच्या खिशातली स्ट्रिप सगळ्या समाजाच्या खात्यावर टाकली जाते. मग आपण काय करतो? ओठ शिवून घेतो. आपलं उणं चव्हाट्यावर कशाला न्यायचं, आधीच काय कमी बोलतात लोक. ही भावना मला समजते, मी अनेक वर्षं तिच्यातच वाढलो. पण तिची किंमत कॉमेंट लिहिणारा देत नाही. ती आपल्याच घरातलं पोरगं देतं.

आणि आजार काही आपल्यापुरता नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारू पिणारे सुमारे १६ कोटी. अफूच्या जातीची नशा करणारे २ कोटी २६ लाख. डॉक्टरांशिवाय झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्या खाणारे १ कोटी १८ लाख. माझ्या मनात राहिला तो वेगळाच आकडा. दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांत एकालाच कसला तरी उपचार मिळाला होता. इतर नशांत २० मागे एक. उरलेल्यांची घरं आमच्यासारखी असणार.

आता पैशाचं सांगतो, कारण हे वाचणाऱ्यांत कमावते तरुण बरेच असतील. मी पुण्याहून भावाला पैसे पाठवत होतो. कधी गाडीचा हप्ता थकला म्हणून, कधी कुणाशी भांडण झालं ते मिटवायला, कधी खालाचा फोन आला म्हणून. फोनवर दोन बटणं दाबली की झालं, आणि मला चांगला भाऊ असल्यासारखं वाटायचं. नंतर एका रात्री बँकेचं स्टेटमेंट काढून बसलो. अठरा महिन्यांत एक लाख बारा हजार. एवढ्या पैशांत त्याला जो कोणी गोळ्या देत होता त्याचं घर चाललं. त्याच्या प्रत्येक चुकीचा भुर्दंड मी भरत होतो, त्यामुळे सोडायचं कारण त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. डॉक्टर बाईंनी सांगितलं, नगद देऊ नका, पण जेवण, प्रवास, औषध यांना हात आखडू नका. आणि ज्या दिवशी तो शुद्धीत असेल त्या दिवशी त्याच्याजवळ बसा. आम्ही नेमकं उलटं करत होतो. तो नशेत असला की सगळं घर त्याच्याभोवती गोळा व्हायचं, आणि शुद्धीत असला की त्याच्याशी कुणी बोलायचं नाही.

दुसरी चूक आमच्या हातून थोडक्यात टळली. लग्न. 'बेडी पडली की सुधरेल' हे मी माझ्या कानांनी दहा वेळा ऐकलं. देगलूरकडचं एक स्थळही पाहून झालं होतं, मुलगी बारावी झालेली, घरचे गरीब. मुलीकडच्यांना सांगायचं काय, तर मुलगा वाळूच्या धंद्यात आहे. खाला अडून बसली म्हणून ते थांबलं. ती म्हणाली, माझं लेकरू मला सांभाळता येईना, दुसऱ्याच्या लेकराच्या गळ्यात कशी बांधू? मी याला सरळ फसवणूक म्हणतो. निकाह हा काही डीॲडिक्शनचा कोर्स नाही. ज्यांची अशी लग्नं झाली आहेत त्या बहिणींना सांगायचं, की साथ देणं म्हणजे मार खाणं नव्हे. १९३९ चा मुस्लीम विवाह विच्छेद कायदा क्रूरतेच्या कारणावर स्त्रीला निकाह तोडण्याचा हक्क देतो, २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा घरात राहून संरक्षण मागू देतो. नवऱ्याला आजार आहे हे खरं, आणि आजाराने हात उगारायची परवानगी मिळत नाही हेही खरं.

दवाखान्यातून घरी आणल्यावर आम्ही आणखी घोटाळा केला. बाईंनी सांगितलेल्या ओपीडीच्या चकरा लांब वाटल्या, म्हणून कुणाच्या तरी ओळखीने एका खाजगी केंद्रात त्याला टाकलं. महिन्याचे पैसे आगाऊ, फोन बंद, भेटायला दोन महिने मनाई. तिथे मारतात हे तो परत आल्यावर कळलं. एकदा रात्रभर खिडकीच्या गजाला साखळीने बांधून ठेवलं होतं. घरी आल्यावर चौथ्या दिवशी त्याने गोळी खाल्ली. खालू म्हणाले, बघा, एवढा खर्च करून काय झालं. बिचारे. त्यांनी गाय विकली होती.

साखळी म्हटलं की मला एरवाडी आठवतं. तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडीचा दर्गा आहे. तिथे मनाच्या आजाराची माणसं बरी व्हायला आणून ठेवत. दर्ग्याजवळच्या अशाच एका खाजगी आसऱ्यात ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ जण पळू न शकल्याने जळून मेले. त्यांना तिथे सोडणारे त्यांचे दुश्मन नव्हते. आई-बाप, भाऊ होते, आमच्यासारखेच हरलेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कुठल्याही रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधायला मनाई केली आहे, आणि दारू-ड्रग्जमुळे होणारे मनाचे आजार त्या कायद्यात मानसिक आजार म्हणूनच धरले आहेत. तेव्हा एखादं केंद्र निवडताना विचारा. डॉक्टर रोज येतात का? नोंदणी दाखवा. आम्ही पहिल्या आठवड्यात भेटू शकतो का? 'नाही' आलं तर उठून या. आम्ही उठलो नाही.

महाराष्ट्रात या बाबतीत चांगलं उदाहरण शोधायला लांब जावं लागत नाही. पुण्यात गर्दने पोरं मरत होती तेव्हा अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी देणगी देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झालं. खरं काम डॉ. अनिता अवचट यांचं. त्या त्याच रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. १९९७ मध्ये कॅन्सरने गेल्या, आता त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर केंद्र बघते. मला तिथली दोन गोष्टींची मांडणी महत्त्वाची वाटते. एक, तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते होतात, म्हणजे समोर बसलेल्याला ऐकवणारा माणूस त्याच वाटेने आलेला असतो. दुसरी म्हणजे 'सहचरी'. रुग्णांच्या बायकांचा गट. नवरा बरा होवो न होवो, तिलाही उपचाराची गरज आहे, हे तिथे धरूनच चालतात. अमेरिकेत १९५१ मध्ये अल्-अनॉन नावाने हेच सुरू झालं होतं. घरच्यांना तिथे पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की हे तुमच्यामुळे झालेलं नाही आणि तुमच्या ताब्यातही नाही. माझ्या खालाला हे कुणीतरी सांगायला हवं होतं. तीन वर्षांत तिचं वजन पंधरा किलोने उतरलं, बीपी लागलं, आणि आम्ही सगळे तिलाच विचारत होतो, तुझं लक्ष कुठे होतं?

परत गोळी खाल्ल्याचा तो चौथा दिवस. त्यावर आमच्या घरात निकाल लागला होता, हा सुधारणार नाही. नांदेडला बाईंना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच फरक पडला नाही. म्हणाल्या, अब्बांचं बीपी गोळ्या सोडल्या की परत वाढतं ना, तेव्हा तुम्ही त्यांना घराबाहेर काढता का? उपचारानंतर परत घसरणाऱ्यांचं प्रमाण शंभरात चाळीस ते साठ धरतात, बीपी-दम्याच्या रुग्णांत औषध-पथ्य सुटल्यावर आजार उलटतो त्याच्या आसपासच. फक्त एक सावधगिरी त्यांनी दोनदा सांगितली. काही दिवस बंद राहिल्यावर शरीराची सहन करायची ताकद कमी झालेली असते. तेव्हा जुन्याच मापाने परत घेतलं तर जीव जाऊ शकतो, गर्दसारख्या अफूच्या जातीच्या नशेत तर फारच. म्हणून घसरला तर त्याने लपवू नये, आणि लपवू नये असं वाटायचं असेल तर सांगितल्यावर त्याला मार पडता कामा नये.

व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी सैनिकांचा एक जुना अभ्यास आहे, ली रॉबिन्स नावाच्या बाईंचा. तिथे असताना जवळपास पाचातला एक सैनिक हेरॉइनसारख्या नशेच्या आहारी गेला होता. घरी परतल्यावर त्यातले फार थोडे पुन्हा अडकले. जागा बदलली, माणसं बदलली, दिवसाचं काम बदललं. माझ्या भावासाठी आम्हाला समुद्र ओलांडायचा नव्हता, हायवा सोडवायची होती. मामूंनी त्यांच्या वेल्डिंगच्या दुकानात घेतलं. दिवसाचं काम, रात्री झोप. ओपीडीला दर पंधरा दिवसांनी, सोबत घरातलं कुणीतरी. औषध खालाच्या ताब्यात, रोजच्या रोज मोजून.

पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणाऱ्यांसाठी एक सांगतो. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. स्वतः सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्या आरोपाखाली त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर ही सवलत काढून घेता येते. विकणाऱ्यांना ती नाही. आणि अल्प्राझोलम शेड्यूल एच-वन मध्ये आहे. दुकानदाराने चिठ्ठीशिवाय ती देता कामा नये, आणि दिल्याची नोंद रजिस्टरमध्ये तीन वर्षं जपून ठेवली पाहिजे. आपल्या मोहल्ल्यातल्या मेडिकलवाल्याला चार पोरांनी जाऊन 'चाचा, ते रजिस्टर भरता ना?' एवढं विचारलं तरी फरक पडतो. आम्ही विचारलं. एकाने आमच्याशी बोलणं सोडलं.

मशिदींबद्दलही माझी मागणी मोठी नाही. नोटीस बोर्डवर नमाजच्या वेळा असतात, चंद्याचा हिशोब असतो. तिथे १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ लिहायला खडूशिवाय काही लागत नाही. आमच्याकडे कमिटीत यावर दोन जुमे चर्चा चालली. एक बुजुर्ग म्हणाले, असा नंबर लावला तर लोक म्हणतील इथे नशेखोर येतात. इमामसाहेब तरुण आहेत, परभणीकडचे. ते म्हणाले, येतच असतील, फक्त चपलांजवळ बसत असतील. नंबर लागला. कुणी फोन केला का, ते कळायला मार्ग नाही.

गेल्या बकरी ईदच्या आदल्या रात्री भावाचा फोन आला. मी हिंजवडीतून निघालो होतो, बस पकडायची होती. दुकानाचा जुना एक ड्रायव्हर भेटला होता, त्याच्यासोबत येसगीच्या पलीकडे जाऊन आला होता. चौदा महिन्यांनी. "भाई, मैं पी लिया. तेरे कू बोलने कू फोन करा." माझ्या तोंडाशी जे जे आलं ते मी कसंबसं गिळलं. विचारलं, किती प्यायलास, गोळी घेतलीस का, आता कुठे आहेस. घरी होता. खाला जागी होती, तिला त्याने आधीच सांगितलं होतं. ईदच्या दिवशी ओपीडी बंद असते, म्हणून परवाच्या दिवशी नांदेडला सोबत कोण जाणार एवढं ठरवलं. मी म्हणालो, मी येतो. मग त्याने विचारलं, सकाळी ईदगाहला तुझ्या बाजूला उभा राहू का?

बस स्वारगेटहून सुटत होती. मी म्हणालो, पांढरा कुर्ता इस्त्री करून ठेव, माझाही.